सातव्या प्रश्नानंतर

"बरोबर कोणी नाही?" शहापुरे मॅडमनी विचारलं.

"मी तेवीस वर्षांचा आहे," मी म्हणालो.

"वय नाही विचारलं. बरोबर कोणी आहे का, ते विचारलं."

"नाही."

त्यांनी फॉर्मवर काहीतरी खूण केली आणि मला केबिनमध्ये बसवलं. कपाटाएवढी खोली, आतून भोकाभोकांच्या पत्र्याचं अस्तर, एक खुर्ची, खुर्चीसमोर स्पीकर आणि दोन थरांची काच. दार लागल्याचा आवाज मला आला नाही, फक्त पाठीला हवेचा दाब जाणवला. काचेपलीकडे मॅडम यंत्रापुढे बसल्या, माईक जवळ ओढला आणि भरतकामाची लाकडी गोल चौकट तोंडासमोर धरली. चौकटीत काळं कापड ताणलेलं होतं. त्यातून आवाज येतो, ओठ दिसत नाहीत.

मला ओठ वाचता यायचे. 'बरोबर कोणी नाही?' हा प्रश्नही मी त्यांच्या ओठांवरूनच उचलला होता.

हॉस्पिटलच्या या विभागात मी नवव्या वर्षापासून येत होतो. आधी वाटलं होतं, थोडं कमी ऐकू येतं इतकंच. पण दर वर्षी आवाज थोडा थोडा मागे सरकत गेला. एकविसाव्या वर्षी तिन्हीसांजेला सायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीवर आदळलो, तेव्हा डोळे तपासले, मग रक्त, आणि आजाराला नाव मिळालं. अशर सिंड्रोम, त्यातलाही विरळा प्रकार. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. यात कान हळूहळू जातात आणि डोळ्यांच्या कडाही जात राहतात, त्यातही आधी अंधारातलं दिसणं. रिपोर्ट दाखवणाऱ्या डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, "लग्न नात्यातलं का?" आई म्हणाली होती, "आतेभाऊ." 

ओठ वाचायला उजेड लागतो, आणि माझ्या वाट्याचा उजेड कमी होत होता. उपाय एकच होता, कॉक्लिअर इम्प्लांट. ऑपरेशन करून कानातल्या शंखात तारांची बारीक लड सरकवतात. बाहेरचं यंत्र डोक्याला चुंबकानं चिकटतं, आणि आवाज विजेच्या रूपात सरळ नसेपर्यंत जातो. पण आधी चाचणी. चांगल्यात चांगलं श्रवणयंत्र लावूनही निम्म्याहून कमी शब्द कळले, तरच हे हॉस्पिटल इम्प्लांटला होकार द्यायचं. त्याहून जास्त कळले तर सांगायचं, आहे ते यंत्र वापरा, दोन वर्षांनी या. ऐकायची नस जितकी वर्षं उपाशी राहते तितकी ती नंतर शिकायला कुरकुरते, हे मी वाचलं होतं. थोडक्यात, त्या दिवशी मला नापास व्हायचं होतं.

बसमध्ये मी पक्कं ठरवलं होतं. ऐकू येईल तेवढंच सांगायचं. ऐकू नाही आलं तर 'माहीत नाही' म्हणायचं.

मॅडमनी भुवया किंचित उचलल्या. स्पीकरमधून एक ठोका आला. लांबट, मऊ. शब्द नव्हता तो, भिंतीपलीकडे कुणी सतरंजी झटकावी तसं काहीतरी.

"वही," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. कारण पहिला शब्द 'वही' होता. दुसरा 'मीठ', तिसरा 'दार', चौथा 'चूल', पाचवा 'जीभ'. पंचवीस शब्दांचा एक कागद, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला. चौदा वर्षं मी तोच कागद ऐकत होतो. चाचणी घ्यायला दरवर्षी नवीन शिकाऊ मुलगी असायची. कागद जुनाच. पहिली दोन-तीन वर्षं मी शब्द खरोखर ऐकले. मग काही ऐकले, काही आठवले. शिकाऊ ताई 'शाब्बास' म्हणायच्या, आणि आई घरी जाऊन सगळ्यांना सांगायची, "पंचवीसातले बावीस." शाळेत कशात इतके मार्क मिळत नव्हते मला.

"मीठ," मी म्हणालो. "दार. चूल."

मधे दोनदा मुद्दाम चुकलो. पुढे आणखी दोनदा. शंभर टक्के आले तर संशय येईल, हा विचार त्याही वेळी डोक्यात होता. खरं सांगायचं तर नापास व्हायचंय हे लक्षात होतंच. पण त्या खुर्चीत बसून, समोर एक माणूस वाट बघत असताना 'माहीत नाही' म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

पंचवीसातले एकवीस. चौऱ्याऐंशी टक्के.

मॅडमनी दार उघडून मला बाहेर घेतलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे सकाळी काढलेला आलेख, बीप ऐकू आला की बटण दाबायचं त्या चाचणीचा. त्यातली रेघ पार तळाला गेली होती. उजवीकडे एकवीस बरोबरच्या खुणा.

"हे दोन कागद एका माणसाचे नाहीत," त्या म्हणाल्या. बोलताना त्या माझ्याकडे तोंड ठेवत होत्या, शब्द उगाच ताणत नव्हत्या. "तुझं शिक्षण काय?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री. पाण्याच्या लॅबमध्ये आहे. नमुने तपासतो."

"मग तूच सांग. दोन यंत्रं एकाच पाण्याचे असे दोन आकडे दाखवतायत. काय करशील?"

"पुन्हा तपासीन."

"चल मग."

पुन्हा केबिन, दार, पाठीला हवा. मॅडमनी चौकट तोंडासमोर धरली, भुवया उचलल्या. ठोका आला. "वही." ठोका. "मीठ." त्यांच्या खांद्यावरून मला कळायचं शब्द कधी सुरू होतो ते, श्वास घेताना उजवा खांदा जरा वर जायचा. "दार." चूल, जीभ, वाघ, ताट, दोरी. आता मी जरा सैलावलो. या वेळी जास्त चुकायचं, अकरा-बारावर आणायचं, असं मनात गणित मांडलं होतं. पण खांदा वर गेला की शब्द आपोआप येत होता. केस. माळ. ढग. नऊ. एका लयीत चाललं होतं सगळं.

एकोणिसाव्या शब्दानंतर मॅडमनी चौकट खाली ठेवली. एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं, उठल्या आणि कागद माझ्यासमोर काचेला टेकवला.

'आठव्या शब्दानंतर माईक बंद आहे. मी तोंडही उघडलेलं नाही.'

आमच्या लॅबमध्ये याला ब्लँक म्हणतात. नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालायचं आणि यंत्र काय म्हणतंय ते बघायचं. त्यानं तरीही आकडा दाखवला, तर आकडा पाण्याचा नसतो, यंत्राचाच असतो. आठवड्यातून तीनदा मी ब्लँक लावायचो.

मी अकरा शब्द शांततेला उत्तर म्हणून दिले होते. आणि मला फरक कळला नव्हता. माईक चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा माझ्या आतलं सारखंच होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही.

"किती वर्षं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे पाठांतर."

"पूर्ण पाठ नाही. थोडं ऐकू येतं मला. मी फोनवर बोलतो."

"फोनवर?" त्यांनी सकाळच्या आलेखावर बोट ठेवलं. "या कानांनी?"

"दर रविवारी. आई फलटणला असते. सहा-सात मिनिटं बोलतो आम्ही. तिला विचारा."

"कशाला विचारू? तिला काय वाटतं ते कळेल. तू काय ऐकलंस ते कसं कळणार?"

"रेकॉर्डिंग आहे."

हे मी जिंकण्यासाठी म्हणालो. कॉलेजात असताना फोनमध्ये मी प्रत्येक कॉल आपोआप नोंदवणारं ॲप टाकलं होतं. निसटलेलं हेडफोन लावून, आवाज शेवटपर्यंत चढवून पुन्हा ऐकायचो. पुढे त्याचा उपयोग संपला, पण ॲप तसंच राहिलं. मी गेल्या चार रविवारच्या फाइली काढून दिल्या. "ऐका आणि लिहा. तिची वाक्यं, माझी वाक्यं. आपोआप दिसेल."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर दोन बायका आणि एक आजोबा थांबले होते. त्यांनी दाराशी जाऊन काहीतरी सांगितलं. आजोबांनी हात झटकला, बसले. मॅडमनी हेडफोन लावले आणि आलेखाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या.

त्यांचं अक्षर मोठं होतं, मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं.

'जेवलास का? – हो. काय केलं होतंस? – भात-आमटी. झोप होते का? – होते. अंग बरं आहे ना? – बरंय. कामावरचे लोक कसे आहेत? – चाललंय. पाणी येतं का खोलीवर? – येतं. कधी येणार? – बघू, पुढच्या महिन्यात.'

"बघा," मी म्हणालो. "एकही चूक नाही."

त्यांनी दुसरी फाइल लावली. लिहिलं. तिसरी लावली. लिहिणं मधेच थांबलं, त्यांनी तेवढाच भाग पुन्हा ऐकला. हेडफोन एका कानावरून सरकवला.

"सातही प्रश्न तेच आहेत. तोच क्रम. तिन्ही रविवार, एकच जागा सोडून."

"आईचं तसंच असतं. ठरलेलं विचारते." हे मला माहीत होतं. हा क्रम सापडला तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

"असेल. हे बघ." त्यांनी तिसऱ्या रविवारच्या मजकुरावर बोट ठेवलं. "इथे तिनं विचारलं, काय केलं होतंस. तू म्हणालास, होते. म्हणजे तू एक प्रश्न पुढे गेलास. झोपेचं उत्तर आधीच देऊन टाकलंस."

मी कागद जवळ ओढला.

"आता पुढे बघ. तिनं झोपेचं विचारलंच नाही. दोन सेकंद थांबली आणि एकदम विचारलं, अंग बरं आहे ना. तू म्हणालास, बरंय. तुझी गाडी पुन्हा रुळावर." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ती तुला विचारत नाहीये रे. ती तुला धरून चालवतेय."

"म्हणजे तिला..."

"हो."

बाकावरच्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. मॅडमनी हातानंच पाच मिनिटं दाखवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते मला कसं कळणार? लहानपणी चाचणीला बरोबर कोण यायचं?"

"आई. आतच बसायची, माझ्या मागे."

मॅडमनी कव्हरातल्या त्या जुन्या कागदाकडे पाहिलं. मग फोनचा पडदा पाहिला. "सात प्रश्नांना दीड मिनिट लागतं. कॉल सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. बाकीचा वेळ तू काय करतोस?"

"आई बोलते. गावाकडचं काहीबाही. मी हं म्हणतो. ती ठेवते तेव्हा ठेवतो."

"तिला वाईट वाटू नये म्हणून?"

"असेल."

त्यांनी हेडफोन पुन्हा नीट लावले आणि ऐकू लागल्या. पेन हातात होतं. त्यांनी लिहिलं, 'मागे शिलाई मशीन सुरू.' मग पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मी माणसांचे चेहरे वाचून जगत आलोय. बहुतेकांचे चेहरे बोलणं संपण्याआधी काहीतरी सांगून टाकतात. मॅडमचा चेहरा पहिलं अर्धं मिनिट कामाचा होता. मग भुवया जवळ आल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, दुसऱ्याच्या घरात चुकून दार उघडल्यावर घेतो तशी. आणखी काही सेकंद ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"पुढे?" मी म्हणालो.

"पुढे ती बोलते."

"काय?"

"ते ती तुला सांगत नाहीये."

"फोन मला केलाय."

"हो. तुला ऐकू येत नाही म्हणून केलाय."

मला ते कळायला वेळ लागला. 

"घरात कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"वडील. एसटीच्या वर्कशॉपला आहेत, बोलत नाहीत फारसं. आणि आजी. वडिलांची आई. म्हणजे आईची आत्याच."

"म्हणजे सासू तीच, आत्या तीच."

"हो."

"आणि तिचं माहेर?"

"तेच घर. म्हणजे आजीचं माहेर ते आईचं माहेर. मामा आजीला विचारल्याशिवाय काही करत नाहीत."

मॅडमनी मान हलवली. एवढंच. सासरचं गाऱ्हाणं घेऊन बायका माहेरी जातात. आईनं गाऱ्हाणं घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न मला तेवीस वर्षांत पडला नव्हता. घरात आजीचे कान ऐंशीव्या वर्षीही तिखट होते. शिलाई मशीन कशाला चालू असायचं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"रेकॉर्डिंग तुझं आहे," मॅडम म्हणाल्या. "तू सांगितलंस तर मी लिहीन. चारही रविवार लिहीन. तू वाच. तुझा हक्क आहे."

"माझ्याबद्दल आहे?"

"काही आहे. सगळं नाही."

"मी मधे हं म्हणतो का?"

"म्हणतोस. नको तिथे म्हणतोस. एकदा तर..." त्या थांबल्या. ओठ आवळले, हसू की काय ते कळलं नाही. "एकदा हसलास. ती पण हसली मग."

मी कागदावरच्या शाईच्या ठिपक्याकडे बघत होतो. माझी सवय अशी की अपुरी नोंद मला सोडवत नाही. लॅबमध्ये एखाद्या नमुन्याचा एक रकाना रिकामा राहिला तर मी घरी जात नसे.

"नका लिहू," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. फाइली पुसा. तुम्हीच पुसा, मला नाही जमणार."

त्यांनी फोन घेतला आणि विचारून विचारून पुसल्या. चार त्या, आणि मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या. वेळ लागला. मग ॲपही काढून टाकलं.

"आता चाचणी," त्या म्हणाल्या. "नवीन यादी. आणि ऐक, यंत्र बसलं आणि नीट काम केलं तर तुला फोनवर कळायला लागेल. वर्ष लागेल, पण कळेल. मग तिलाही कळेल की तुला कळतंय. विचार केलायस ना?"

"आजवर नव्हता केला."

"आणि आता?"

"दोन वर्षांनी मला तिचा चेहरा संध्याकाळी दिसणार नाही," मी म्हणालो. "घ्या चाचणी."

तिसऱ्यांदा केबिन. मॅडमनी कपाटातून दुसराच कागद काढला होता, कव्हर नसलेला, करकरीत. चौकट, भुवया, खांदा. एक ठोका.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ठोका. "माहीत नाही." ठोका. "माहीत नाही."  पंधराव्याला मी डोळे मिटले, खांदा दिसायला नको म्हणून. मग तर काहीच उरलं नाही. अंधार, खुर्ची, आणि लांबवर कुणीतरी सतरंजी झटकतंय. मधेच डोळे उघडून बघायचो, मॅडम आहेत ना. असायच्या. तीन-चारदा शब्द लागल्यासारखा वाटला तो सांगितला; पंचवीसातले दोन बरोबर आले. कुठले दोन, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन पुढच्या तीन महिन्यांत झालं. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी माणसं बोलतायत की भांडी आपटतायत हे कळत नव्हतं. रोज दोन तास सराव करायचो, मोबाइलवर एक बाई वाक्यं म्हणायची आणि मी लिहून काढायचो. पाचव्या महिन्यात लॅबमधला पंप ओळखू आला. आठव्यात रिक्षावाल्यानं मागून दिलेली शिवी पूर्ण कळली; मी वळून 'थँक्यू' म्हणालो तर तो गांगरला. अकराव्या महिन्यात आईचा फोन कळायला लागला.

"जेवलास का?"

"जेवलो. आज डाळ होती, करपली."

 "करपली कशी?"

त्या दिवशी आम्ही खरं बोललो. तिनं सात प्रश्न विचारले नाहीत, लागलेही नाहीत. डाळीबद्दल बोललो, गॅसच्या शेगडीबद्दल, चुलत बहिणीच्या साखरपुड्याबद्दल. आई फार खूश होती. तिचा आवाज मी लहानपणी ऐकला होता त्याहून बारीक आणि जरा पत्र्यासारखा येत होता, पण तो तिचा होता.

"चल, ठेवते," ती म्हणाली.

कॉल दोन मिनिटं दहा सेकंदांचा होता.

पुढच्या रविवारी दोन मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी मी म्हणालो, "आणखी काय?"

"आणखी काय असणार? सगळं बरंय."

"आजी कशी आहे?"

"आहेत. बरंय सगळं."

मशीनचा आवाज येत नव्हता. तो सोडून सगळं ऐकू येत होतं मला, मागे कुकरची शिटीसुद्धा. मी फोन कानाला लावून बसून राहायचो आणि ती ठेवून द्यायची. असे पाच-सहा महिने गेले. मॅडमना एकदा तपासणीला गेल्यावर सांगितलं. त्या तारा तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "चांगलंय की. आता ऐकू येतंय तुला." मग जरा वेळानं म्हणाल्या, "यंत्र बंदही करता येतं, माहितीये ना?"

मार्चमध्ये मी घरी गेलो. दुपारची वेळ होती. वडील कामावर, आजी पुढच्या खोलीत खाटेवर पडलेली, डोळे मिटून, म्हणजे जागीच. आई मागच्या खोलीत खिडकीपाशी मशीनवर बसली होती, समोर कुणाचा तरी अर्धा ब्लाउज. तिचे डोळे लाल दिसले. मी काय झालं विचारलं.

"धूळ. काल वारा होता."

मी तिच्यामागे वेताच्या मोड्यावर बसलो. मग कानामागचं यंत्र काढलं, डोक्यावरचं चुंबक सोडवलं. सगळं एकदम थांबलं, पंखा, रस्ता, माझा स्वतःचा श्वास.

"बॅटरी गेली," मी म्हणालो. म्हटलं की नाही हे मला ऐकू आलं नाही. "चार्जर पुण्याच्या खोलीवर राहिला. आता उद्यापर्यंत ठार बहिरा."

ती वळली. माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं. मग ओठ नीट हलवून विचारलं, "काहीच नाही येत?"

"काहीच नाही."

यंत्र कुठे ठेवावं कळेना म्हणून मी ते मशीनवर ठेवलं. चुंबक मशीनच्या लोखंडी अंगाला चटकन चिकटलं. आईनं ते दोन बोटांनी हलवून पाहिलं, तिथेच राहू दिलं. मग माझ्याकडे पाठ केली.

थोड्या वेळानं पायाखालची फरशी थरथरायला लागली. तिनं मशीनचं पायडल मारायला सुरुवात केली होती. मागून तिचं तोंड दिसत नव्हतं, पण कानाखाली जबड्याचं हाड हलताना दिसत होतं. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा अर्धवट उमटला होता, आणि मी प्रयत्न केला असता तर ओठ वाचता आले असते. मी मोडा फिरवला आणि परसातल्या शेवग्याकडे तोंड करून बसलो. एका फांदीवर चौदा शेंगा होत्या. दुसरीवर नऊ. मधेमधे मी हं म्हणत होतो.

फरशी बराच वेळ थरथरत होती. मग थांबली. मी वळलो नाही. सुईत दोरा भरायला थांबली असेल, असं मनाला सांगितलं.

मग माझ्या डोक्यावर हात आला. आईनं यंत्र मशीनवरून सोडवलं होतं, पदरानं पुसलं होतं. याआधी ती त्याला कधी हात लावायला धजत नव्हती, महागाची वस्तू, बिघडली तर. तिनं ते माझ्या कानामागे अडकवलं आणि चुंबकाची जागा शोधायला लागली. एकदा केसांत घसरलं. दुसऱ्यांदा लागलं.

पंखा आला. रस्ता आला. आजी पुढच्या खोलीत खोकली.

"आलं का ऐकू?" आई म्हणाली.

"आलं."

"बॅटरी आपोआप भरली वाटतं."

 ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला हसू दाबायला जमत नव्हतं.

"जा," ती म्हणाली, "बसून काय राहिलास. ज्वारीचा डबा भरून ठेवलाय, दळण टाकून ये. आणि बारीक दळ म्हणावं त्याला, मागच्या खेपेला भरड आलं होतं."